तळ नसलेला खिसा

होळी झाली आणि शेडमधले लूम एकेक करून गप्प व्हायला लागले. कापडाला उठाव नव्हता. चोवीसांपैकी आधी सहा लूम थांबले, मग दहा. रात्रीची शिफ्ट बंद झाली. विणलेले तागे न्यायला टेम्पो येईना, तेव्हा ते शेडमध्येच भिंतीला लावून रचू लागले, आणि ती कापडाची भिंत दर आठवड्याला हातभर पुढे सरकू लागली.

त्या भिंतीच्या कडेला बकुळा कांड्या भरायची. मोठ्या कोनावरचं सूत छोट्या कांडीवर गुंडाळून द्यायचं. कांडी धोट्यात बसते आणि धोटा लूममध्ये इकडून तिकडे धावतो. बसून करायचं काम. म्हणूनच ते तिला मिळालं होतं. लाकडी खोक्यावर उजवा पाय दुमडून आणि डावा समोर सोडून ती बसायची. डावा पाय वर्षाची असताना तापात गेला होता. आता ती बावीस वर्षांची होती, आणि त्या पायाची पोटरी तिच्या मनगटाहून फार जाड नव्हती.

शेडच्या दुसऱ्या टोकाला तिचा बाप कोंडू चार लूम सांभाळायचा. वीस वर्षांत त्याचे कान लूमनं खाल्ले होते. पण त्या आवाजात धड कानाच्या माणसालाही काही ऐकू येत नसे. तिथं सगळेच ओठांवरून बोलायचे, त्यामुळे कोंडूचं बहिरेपण लपून राहिलं होतं. लूमच्या फळीवर तळहात टेकवला की कुठं काय बिघडलं ते त्याला कळायचं. बाहेर, शेलार गावातल्या घरी, तो बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचा, आणि माणसाला वाटायचं, हा फार लक्ष देऊन ऐकतो आहे.

शिफ्ट सुटली की बकुळा धामणकर नाक्यावर लहानूच्या बूथवर थांबायची. लहानू जन्मापासून आंधळा. अपंगांसाठीच्या योजनेत त्याला एसटीडीचा बूथ मिळाला होता आणि त्या पिवळ्या खोक्याच्या मागं त्यांच्या संघटनेचं कार्यालय होतं, म्हणजे एक बाक होता. सोळा पोरं-पोरी. अर्ज सगळे बकुळा लिहायची. दिल्लीत अपंगांचा कायदा होऊन वर्ष उलटलं होतं, आणि त्याची झेरॉक्स तिनं लहानूला इतक्यांदा वाचून दाखवली होती की कलमांचे आकडे त्याला पाठ झाले होते.

मागच्या पावसाळ्यात नाक्यावरच्या एका टायपिंग क्लासनं मंदाला घ्यायचं नाकारलं होतं. मंदा मुकी-बहिरी. ओळ संपल्याची घंटी हिला ऐकू येणार नाही, असं मालकाचं म्हणणं. संघटनेची पोरं दोन दिवस क्लासच्या जिन्यावर बसली. तिसऱ्या दिवशी बकुळानं मालकासमोर मंदाचा तळहात टाइपरायटरच्या अंगाला लावला आणि दुसऱ्या हातानं तिला टाइप करायला सांगितलं. घंटी वाजली तशी मंदा थांबली. सहा वेळा. ही गोष्ट पेपरात चार ओळी आली.

त्या चार ओळींमुळे जिल्ह्याहून पत्र आलं. राज्याच्या समितीवर प्रत्येक जिल्ह्यातून एक अपंग तरुण घ्यायचा होता. दोन वर्षं, सभा मुंबईत, शिफारशी थेट मंत्रालयाकडे जाणार. वय पंचवीसच्या आत. सोबत वैद्यकीय बोर्डाचा दाखला, चाळीस टक्के किंवा जास्त. महिनाअखेरपर्यंत.

पत्र बकुळानं वाचून दाखवलं. मग दत्तू, ज्याचा उजवा हात कोपरापासून मशीनच्या पट्ट्यात गेला होता, म्हणाला की बकुळा सोडून दुसरं नाव घेतलं तर मी डाव्या हातानं मारीन. लहानूनं विचारलं, आपण नाव दिलं नाही तर कोण जाईल? दत्तूला माहीत होतं. एका संस्थेच्या चिटणिसाचा पुतण्या तयारच होता. त्याला चष्म्याचा नंबर होता, एवढंच.

बकुळाकडे एक वही होती. बूथवर कोणी काही सांगितलं की ती त्यात लिहून ठेवायची. कोणाला शाळेनं परत पाठवलं, कोणाला दाखल्यासाठी पाच वेळा ठाण्याला नेलं, कोणाच्या घरी भावाच्या लग्नात त्याला मागच्या खोलीत कोंडून ठेवलं. एकशे बारा माणसं झाली होती. ती वही घेऊन आपल्याला कुठंतरी जायचं आहे, हे तिला कळत होतं. कुठं, ते त्या दिवशी कळलं.

पण बोर्डाचा दाखला तिच्याकडे नव्हता. सोळांमध्ये तिच्याच एकटीकडे नव्हता.

त्याला कारण कोंडू होता.

ती चार वर्षांची असल्यापासून कोंडू दर शुक्रवारी, शेडच्या सुट्टीला, तिला खांद्यावर घेऊन वज्रेश्वरीला न्यायचा. देवळाच्या पायऱ्या तो कधी चढला नाही. त्याच्या बापानं धम्म घेतला होता. पाणी काय कुणा देवाच्या मालकीचं नसतं, असं तो म्हणायचा आणि सरळ गरम पाण्याच्या कुंडाकडे वळायचा. अर्धा तास पाय पाण्यात, मग दगडी काठावरून चालणं. तो समोर उलटा चालायचा आणि पावलं मोजायचा. एक. दोन. तीन पावलांवर पडली की पुन्हा एकपासून. पाय लुळा, गुडघा वाकायचा. मांडीवर, गुडघ्याच्या वर हात दाबला की गुडघा ताठ होतो आणि तेवढ्यात दुसरा पाय पुढं टाकता येतो, हे पोरीनं आपलं आपणच शोधून काढलं. पण तसं चालताना माणूस दर पावलाला कमरेत मोडल्यासारखा वाकतो. कोंडूला ते बघवेना.

मग त्यानं खिसा शोधला. बकुळाच्या फ्रॉकला डाव्या बाजूला आई राहीबाईनं खिसा शिवला आणि त्याचा तळ कापून टाकला. हात खिशात घालायचा, आतून मांडी दाबायची, अंग ताठ ठेवायचं. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी खिशात हात घालून ऐटीत चालली आहे. फ्रॉक गेले, परकर-पोलकी आली, पंजाबी ड्रेस आले, खिसा राहिला. दहाव्या वर्षी ती नऊ पावलं न वाकता चालली तेव्हा कोंडूनं कुंडावर सगळ्यांना गूळ-चणे वाटले. गल्लीत सगळ्यांना सगळं माहीत होतं. बोललं कोणी नाही.

दोन वर्षांपूर्वी पडघ्याहून पाहुणे आले होते. चुलीपासून दारापर्यंत बकुळा पाण्याचा तांब्या घेऊन ताठ चालली. नवऱ्या मुलाची आई खूश झाली, आणि माझ्यासोबत जरा अंगणात चल म्हणाली. अंगणाला उंबरा होता. उंबऱ्यापाशी बकुळा थांबली, आणि ती थांबली यातच सगळं कळलं. पाहुणे चहा न घेता गेले. कोंडू त्या दिवशी रागावला तो उंबऱ्यावर. दुसऱ्या दिवशी त्यानं पहारीनं तो उखडून काढला.

दाखल्याचं ऐकलं तेव्हा तो भाकरी खात होता. त्यानं आधी बकुळाच्या ओठांकडे पाहिलं, मग राहीबाईकडे, काही चुकून वाचलं का म्हणून.

"कशाचा दाखला?"

"अपंग असल्याचा, बाबा."

"कोण अपंग हाय?"

राहीबाई म्हणाली, "अवो, तिला मुंबईला बोलावणार हायेत. सरकारात."

"त्यासाठी लंगडी म्हणून शिक्का मारून घ्यायचा? तो शिक्का पुसत न्हाय." थोडा वेळ तो जेवला. मग हात धुताना म्हणाला, "जाऊ आपण. दाखवू डॉक्टरला. तो बघेल आन् सांगेल काय ते."

तो इतक्या लवकर कबूल झाला याचं बकुळाला बरं वाटलं. का कबूल झाला, ते तिच्या ध्यानात यायला बुधवार उजाडावा लागला.

बुधवारी ठाण्याला बोर्ड बसायचा. सकाळी कोंडूनं स्वतः ट्रंकेतून तिचा हिरवा ड्रेस काढून दिला. खिसा नीट आहे ना, ते त्यानं हात घालून पाहिलं.

बोर्डाच्या ओसरीवर पन्नासेक माणसं होती. आयांच्या पाठीवर मोठमोठी पोरं होती. एक म्हातारा आपला लाकडी पाय काढून शेजारी ठेवून बसला होता आणि त्याच्यावरून दुसऱ्याशी गप्पा मारत होता. सगळे बसलेले. कोंडूनं बकुळाला बसू दिलं नाही. ड्रेस चुरगळेल म्हणाला. अडीच तास ती भिंतीला टेकून उभी होती.

आत डॉक्टरनं टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या, पायाला दोनदा दाब दिला आणि म्हणाला, चालून दाखव. खिडकीपर्यंत.

तिनं ठरवलं होतं. हात बाहेर काढायचा. गुडघ्यावर ठेवायचा, सगळ्यांदेखत, आणि चालायचं, जशी ती बूथमागं चालते, संडासाला जाताना चालते, एकटी असली की चालते. पण दारात कोंडू उभा होता, आणि त्याचे ओठ हलत होते. एक. दोन. तिचा हात खिशात गेला. गेला म्हणजे तिनं घातला नाही. अठरा वर्षांची सवय असते ती. नऊ पावलं ती ताठ चालली, खिडकीपाशी वळली, आणि नऊ पावलं परत आली. पाठीवरून घाम ओघळत होता.

"छान चालते," डॉक्टर लिहिता लिहिता मान वर करून म्हणाला. "मेहनत घेतलेली दिसते कोणीतरी."

हे मात्र कोंडूनं अचूक वाचलं. "मी घेतली, साहेब."

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसून हसत होता. कागद बकुळाच्या हातात होता. पस्तीस टक्के.

बूथवर लहानूनं कागद बोटांनी चाचपला, जसा काही आकडा बोटांना लागणार होता. दत्तू म्हणाला, "पाच टक्क्यांसाठी अडलं होय? माझ्यातले घे. माझ्याकडं शिल्लक हायेत." बकुळा हसली आणि हसता हसता तिचा चेहरा बिघडला. मंदानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

लहानूनं जिल्ह्याच्या कचेरीत फोन लावून चौकशी केली. फेरतपासणी मागता येते, पण पालकाचं लेखी म्हणणं हवं, की मुलगी आधाराशिवाय चालू शकत नाही. पालकानं समक्ष यायला हवं. पुढचा बुधवार शेवटचा.

"कोंडूकाका सही करतील?" लहानूनं विचारलं.

घरी बकुळानं कागद लिहून बापासमोर ठेवला. कोंडूला वाचता येत होतं, सावकाश. त्यानं दोन ओळी वाचल्या, कागदाची चार घड्यांची घडी केली आणि फडताळात ठेवून दिली. ती काही सांगू लागली तसे त्यानं डोळे मिटले. बहिऱ्या माणसानं डोळे मिटले की त्याला काही सांगता येत नाही.

शनिवारी शेडच्या जॉबरनं, म्हणजे मुकादम सावळारामनं, बकुळाला खोक्यावरून उठवलं. कापडाची भिंत तिच्या मशीनपर्यंत येऊन ठेपली होती. शेठनं ठरवलं होतं की खालची जागा ताग्यांना द्यायची आणि कांडीचं मशीन माळ्यावर न्यायचं. माळ्यावर जायला लोखंडी शिडी होती. अकरा दांडे, जवळजवळ उभी.

"शेठ बोला, जो ऊपर बैठेगा वो काम करेगा," सावळाराम तिच्या कानाशी ओरडून म्हणाला. तो मुरबाडकडचा होता, पण शेठचं बोलणं शेठच्या भाषेतच सांगायचा. मग स्वतःचं बोलला, "मी काय करू, बकुळे? बाहेर बायका उभ्या हायेत कामाला."

बकुळानं शिडीकडे पाहिलं. खिसा शिडीवर कामाचा नव्हता. शिडीला दोन्ही हात लागतात. तिनं ओढणी कमरेला बांधली. हातांनी वरचा दांडा धरायचा, उजवा पाय वर टाकायचा, अंग ओढून घ्यायचं आणि डावा पाय दोरीसारखा मागून येऊ द्यायचा. सहाव्या दांड्यावर डावं पाऊल दांड्याच्या मागं अडकलं. तिला ते सोडवता येईना. एक हात सोडून वाकली तर ती पडली असती. ती तशीच लटकून राहिली. खालून दोघांतिघांनी पाहिलं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं. शेवटी सावळारामनंच दोन दांडे चढून तिचं पाऊल धरलं आणि सामान सरकवावं तसं सरकवून दिलं. ती वर गेली.

पत्रा तापलेला होता. माळ्यावर ताठ बसताही येत नव्हतं. दुपारी पाणी प्यायला उतरावं लागू नये म्हणून ती पाणी प्याली नाही. सुट्टी झाली तेव्हा ती शिडीकडे पाठ करून बसली आणि एकेका दांड्यावर बूड टेकवत, दोन्ही हातांवर भार घेत खाली आली, लहान मूल ओट्यावरून उतरतं तशी. ड्रेस मागून फाटला.

शेवटच्या दांड्यावरून तिनं मान वर केली. शेडमध्ये शांतता होती. लूम बंद झाले होते. कोंडू आपल्या लूमच्या फळीवर हात ठेवून तिच्याकडे बघत उभा होता. लूम बंद होता, तरी त्याचा हात तिथंच होता. त्याचे ओठ हलत नव्हते.

ती दोघं शेलारला पोचली. घरी आल्यावर त्यानं फडताळातून घडी काढली, कागद मांडीवर सपाट केला आणि पुन्हा सगळा वाचला. "शकत नाही" या शब्दांवर त्याचं बोट बराच वेळ होतं. मग त्यानं सही केली. कोंडू एवढं लिहून पुढं वेळ लागतो म्हणून तो बापाचं नाव नेहमी गाळायचा. त्या दिवशी पूर्ण लिहिलं.

बुधवारी पहाटे राहीबाई दाराशी उजेडाला बसली आणि बकुळाच्या जुन्या निळ्या ड्रेसचा खिसा शिवून टाकला. धागा कांडीवरचा, शेडमधून आलेला. टाका घट्ट घालताना ती म्हणाली, तळ मीच कापला होता पहिल्यांदा. एवढंच म्हणाली. हिरवा ड्रेस कोंडूनं पिशवीत घातला. कशाला, ते त्यानं सांगितलं नाही.

ओसरीवर या वेळी बकुळा बसली. कोंडूही तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

डॉक्टर तोच होता. त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि तिला खिडकीपर्यंत चालायला सांगितलं. बकुळानं हात गुडघ्यावर ठेवला आणि पाऊल टाकलं. कमरेत वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली. पण इतक्या वर्षांत तिचं अंग दोन्ही चालींच्या मधेच कुठंतरी अडकलं होतं. हात गुडघ्यावर होता आणि पाठ ताठ व्हायला बघत होती. चौथ्या पावलाला तोल गेला आणि ती टेबलावर आदळली. शाईचा पॅड खाली पडला.

डॉक्टरनं पॅड उचलला. तो दुष्ट माणूस नव्हता. बाहेर पन्नास माणसं होती. "मागच्या आठवड्यात ही इथूनच सरळ चालत गेली," तो कोंडूला म्हणाला. "नऊ-दहा पावलं. आता हे नाटक कशाला?"

कोंडू त्याच्या ओठांकडे बघत होता. "नाटक" हा शब्द ओठांवर स्पष्ट दिसतो. तो पुढं आला, पिशवीतून हिरवा ड्रेस काढला आणि टेबलावर, कागदांवरच पसरला. मग आपला हात त्यानं खिशात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला आणि खालून झग्याच्या आत बोटं बाहेर निघाली. ती बोटं त्यानं डॉक्टरसमोर हलवून दाखवली.

"नाटक हे हाय, साहेब," तो म्हणाला. बहिरी माणसं बोलतात तसा त्याचा आवाज नको तेवढा मोठा होता; ओसरीवरही गेला असणार. "मी केलं. अठरा वर्षं. पोरीनं न्हाय केलं. माझ्या पोरीला चालता येत न्हाय."

बकुळा टेबलाला धरून उभी होती. हे वाक्य त्याच्या तोंडून निघावं म्हणून तिनं आठवडाभर धडपड केली होती. आता ते निघालं तेव्हा तिला वाटलं, याला गप्प करावं.

डॉक्टरनं ड्रेस हातात घेतला, खिसा उलटा करून पाहिला, घडी घालून परत दिला. तिला टेबलावर झोपवून या वेळी त्यानं पाय नीट तपासला, गुडघा, घोटा, कंबर. पंचावन्न लिहिले. सही करताना कोंडूला काहीतरी विचारलं, पण मान खाली होती, त्यामुळे कोंडूला कळलं नाही. डॉक्टरनं वर पाहिलं. पुन्हा, मुद्दाम मान खाली घालून, विचारलं. मग म्हणाला, "तुमचेही कान तपासून घेऊ या का? कागद मिळेल."

"मला काय झालंय?" कोंडू म्हणाला.

बकुळाचं नाव गेलं आणि मंजूरही झालं. बूथवर लहानूनं सगळ्यांना चहा पाजला. त्याच आठवड्यात तिनं, सगळं लेखी करायची सवय, शेठला अर्ज लिहिला. नव्या कायद्याचं नाव घातलं, कांडीचं मशीन खाली आणावं आणि सभेच्या दिवशी रजा मिळावी अशी विनंती केली, आणि सोबत दाखल्याची झेरॉक्स जोडली. लहानूला अर्ज फार आवडला होता.

सावळाराम झेरॉक्स हातात घेऊनच आला. शेठचं म्हणणं होतं की पंचावन्न टक्के पाय नाही असं सरकारनं लिहून दिलेलं माणूस माळ्यावर बसवायचं आणि ते पडलं तर केस कोणावर? आजवर कागद नव्हता, तोवर गोष्ट वेगळी होती. आता कागद आहे. ती म्हणाली, म्हणून तर मशीन खाली आणा. सावळारामनं ताग्यांकडे बोट दाखवलं. खालची जागा भरली होती. तिच्या जागी दुसऱ्या दिवशी एक बाई माळ्यावर चढली. दोन्ही पायांनी.

कोंडू त्याच शेडमध्ये कामाला जात राहिला. न जाऊन चालणार नव्हतं. चालू लूम आता आठच होते, आणि त्यातले दोन त्याच्याकडे. कांडी संपली की तो माळ्याकडे हात करायचा आणि ती बाई वरून कांड्या टाकायची.

जूनच्या आत मुंबईची पहिली सभा लागली. ठाण्याहून बस पकडून बापलेक दोघं पोचली तेव्हा दहा वाजले होते. एक जुनी सरकारी इमारत. सभा दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टच्या जाळीला सुतळीनं पुठ्ठा बांधला होता: बंद आहे.

जिन्याखाली चाकाच्या खुर्चीत एक तरुण बसला होता, नागपूरचा. त्याला उचलायला शिपाई गेले होते ते आले नव्हते. तो बकुळाला म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं. मी आहे इथं."

बकुळानं जिन्याकडे पाहिलं. कठडा रुंद होता, हातात मावत नव्हता. ती जिन्याकडे पाठ करून पहिल्या पायरीवर बसली, तळहात मागच्या पायरीवर टेकवले आणि अंग वर उचललं. माळ्यावरून उतरताना शिकलेलं होतं. इथं तेच उलटं. फायली घेतलेली माणसं कडेनं वर जात होती. एकानं पँटची बाजू सावरून घेतली. वरून उतरणारा एक शिपाई म्हणाला, "बाई, जिन्यात बसू नका, साहेब येतायत." मग त्याला दिसलं आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला.

कोंडू दोन पायऱ्या खाली, तिच्याकडे तोंड करून, वहीची पिशवी घेऊन येत होता. कुंडाच्या काठावर तो असाच तिच्यासमोर असायचा. त्याचे ओठ हलत होते. सात. आठ. नऊला तो थांबला, सवयीनं. बकुळा थांबली नाही. दहा, ती मोठ्यानं म्हणाली. अकरा. तो तिच्या ओठांकडे बघत बघत मोजू लागला.

सभागृहात ती पोचली तेव्हा ओळख करून देणं चालू होतं. नाव, जिल्हा, अपंगत्वाचा प्रकार, टक्के. एक कारकून तक्त्यात भरत होता. चिटणिसाच्या पुतण्यासारखे दोन-तीन जण ती आल्याबरोबर उगाच कागद चाळू लागले. तिच्या हातांचे तळवे काळे झाले होते आणि ड्रेस मागून मळला होता. नागपूरच्या सभासदाची जागा रिकामीच होती.

तिची पाळी आली. ती उठली नाही. बसूनच नाव सांगितलं, ठाणे जिल्हा सांगितला. वही समोर होती, एकशे बारा माणसांची, पण ती तिनं अजून उघडली नाही.

"टक्के?" कारकुनानं विचारलं.

"छत्तीस."

अध्यक्षांनी समोरचा कागद पाहिला. "इथं पंचावन्न लिहिलंय. आणि छत्तीस असतील तर तुम्हाला इथं बसता येणार नाही."

"छत्तीस पायऱ्या, साहेब," बकुळा म्हणाली. "नागपूरचे सभासद पहिल्या पायरीच्या खाली बसलेत. मी वर आले. घरी जायचं तर मला पुन्हा छत्तीस आहेत. आधी हे लिहून घ्या, मग टक्के सांगते."

कारकुनाचं पेन रकान्यावर अडलं. त्यानं अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी दाराकडे पाहिलं, जिकडून शिपाई यायचे होते.

दारात फक्त कोंडू उभा होता. इतक्या लांबून त्याला काही ऐकू येणं शक्य नव्हतं. तो तिच्या ओठांकडे बघत होता, आणि त्यानं मान हलवली. आकडा बरोबर होता.